सात पिशव्यांतल्या शेंगा

शिसवाच्या झाडाखाली राखणदार थन पालथा पडला होता. मानेत कुऱ्हाड अर्धी रुतलेली. शेजारी तोडलेल्या दोन फांद्या, आणि भोवती रुंद, काळपट शेंगांचा सडा रक्तात भिजलेला. पिसेतने तोंड फिरवलं. लायहेंग मावशी मात्र उकिडवी बसून शेंगा न्याहाळत होती. चार वर्षं तिच्या हाताखाली तपासाचं काम करूनही या बाईचं काळीज कशाचं आहे, ते त्याला कळलं नव्हतं.

कुऱ्हाड थनच्या धाकट्या भावाची, रुमची. हा पूर्वी चोरून शिसव तोडायचा. पाच वर्षांपूर्वी भिक्खूंसमोर शपथ घेऊन त्याने ती पॅगोडाच्या कोठीत जमा केली होती. पण गावाला एवढं पुरे झालं. रुमला खांबाला बांधून असा बडवला, की त्याचा एक डोळा मिटला तो उघडेना. अंधार पडायच्या आत त्याला जाळायचं ठरलं होतं. दिराला वाचवायलाच थनच्या बायकोने, यीमने, मावशीला बोलावलं होतं.

रुम म्हणाला, पहाटे घरीच झोपलो होतो. साक्षीदार कुणी नाही. पिसेतच्या मते प्रकरण तिथेच मिटलं.

रोपवाटिका सांभाळणारा विचेत पहाटेच पलीकडच्या डोंगरावर गेला होता म्हणे. तिथल्या सात झाडांच्या शेंगा त्याने रोपांच्या बियांसाठी सात पिशव्यांत आणल्या होत्या. पिशव्या पॅगोडाच्या त्याच कोठीत, कोठीची किल्ली त्याच्या कमरेला.

"वेगवेगळ्या पिशव्या कशाला?" पिसेतने यीमला विचारलं. ती म्हणाली, प्रत्येक झाडाची शेंग वेगळी. कुणाची अरुंद, कुणाची तांबूस. थन नुसती चाचपून झाड सांगायचा. एवढं बोलून ती रडायला लागली.

मावशीने सातही पिशव्या रुमच्या पायाशी ओतल्या. लोक कोयते सावरत जवळ आले.

"पिसेत, काय दिसतं?"

"रुंद, काळपट शेंगा."

"सातही ढिगांत?"

"सातही..." पिसेतची ट्यूब आत्ता पेटली.

मावशीने विचेतकडे बोट केलं. "हा डोंगरावर गेलाच नाही. थन मेला त्याच झाडाच्या शेंगा याने सातही पिशव्यांत भरल्या. फांद्या तोडायला कोठीतली कुऱ्हाड नेली. थनने तिथेच पकडलं, आणि तीच कुऱ्हाड त्याच्या मानेत बसली."

विचेतने हात जोडले. "गुडघे गेलेत माझे, डोंगर चढवत नाही. नऊ वर्षं एकाच झाडावर भागवलं. रोपं उगवलीच ना, मावशी?"

पहिला बांबू त्याच्या तोंडावर बसला, दुसऱ्याने मनगट मोडलं. पिसेतने अंगावर वार झेलत त्याला कसंबसं कोठीत कोंडलं आणि पोलिसांना फोन लावला.

यीम रुमच्या दोऱ्या कापत होती. "म्हणजे आम्ही लावलेलं सगळं रान एकाच आईचं?"

"हो. एक रोग आला की सगळं एकदम आडवं," मावशी म्हणाली.

"आणि डोंगरावरची झाडं? ती कुणाला ठाऊक आहेत आता? थन तर गेला."

रुमने तोंडातलं रक्त थुंकलं.

"मला आहेत, वहिनी. सातही. तोडायला हेरून ठेवली होती मी."