घर रिकामं असल्यास

दुपारी तीनचा सुमार होता. एकाच घरी तक्रारीवर जायची माझी चौथी खेप, त्यामुळे जिना चढतानाच डोकं तापलं होतं. दिवे, पंखे, कुलपं आपोआप चालवणारी यंत्रणा घराघरांत बसवणं हे माझं काम. बसवणं सोपं हो. ती रोज न चुकता चालती ठेवायची म्हटलं की भल्याभल्यांच्या तोंडाला फेस येतो.

या घरात म्हातारे आईवडील आणि त्यांचा मुलगा राहायचे, आणि तिथे एक नियम होता. मुलाचा फोन घराबाहेर गेला आणि आत अर्धा तास काही हललं नाही, की घर रिकामं समजायचं. मग दिवे, पंखे, सगळे प्लग बंद, दाराची कडी आपोआप लागणार. मुलगा माझ्या मागे लागला, "अर्धा तास कशाला? पाच मिनिटं करा." मी केली. दोन महिन्यांपूर्वी तो वडिलांना डॉक्टरकडे घेऊन गेला. आई मागच्या खोलीत गाढ झोपली होती, नाकाला ऑक्सिजनची नळी. पाच मिनिटं ती हलली नाही आणि ऑक्सिजनच्या यंत्राचा प्लग बंद झाला. ते परत आले तेव्हा ती गेलेली होती.

वडिलांना, म्हणजे मी ज्यांना काका म्हणतो त्यांना, सांगितलं, वीज गेली होती. सांगणारा मुलगा, मान डोलावणारा मी.

तेव्हापासून तो नियम एकदाही चालला नाही. बाकी घर रिकामं असलं आणि काका गाढ झोपलेले असले तरी मागच्या खोलीत कुणीतरी हलतंय, असं तिथला सेन्सर सांगायचा. तीन सेन्सर बदलून झाले होते.

"कुचकामी माल गळ्यात मारता आणि वर तोंड करून येता," मुलगा म्हणाला.

चोराच्या उलट्या बोंबा! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "त्या पलंगावर आता काका असतात. त्यांचे पाय गेलेत. आणि तुम्हाला तोच नियम हवाय?"

"त्यांना नळी लागत नाही. तुम्ही तुमचं काम बघा. मी खाली थांबतो, नियम चालवून दाखवा."

तो गेला. मी सेन्सर भिंतीवरून उतरवला, त्यातली बॅटरी काढून खिशात टाकली. काका छताकडे बघत पडून होते. खोलीत त्या नळीसारखा तापलेल्या रबराचा वास येत होता. ऑक्सिजनचं यंत्र तर केव्हाच परत गेलं होतं.

माझ्या फोनवर अक्षरं उमटली. मागची खोली, हालचाल.

पाठोपाठ दाराची कडी खट्कन लागली. दिवे, पंखा सगळं चालूच, म्हणजे हे नियमाचं काम नव्हतं. मी धावत जाऊन कडीची मूठ फिरवली. ती थोडी फिरली आणि परत आली. माझ्याच बाजूने कुणीतरी ती उलटी फिरवत होतं. कडी लागल्याचं फोनवर दिसलं असावं, बाहेर मुलगा धावत वर आला होता, दार बडवत होता.

"अहो..." काकांनी खोलीतून हाक मारली. "ती विचारतेय... पाच मिनिटं कुणी केली?"

पाच मिनिटांचं काकांना कुणी सांगितलंच नव्हतं.

"कोण विचारतंय, काका?"

"हळू बोला... दमलीय ती. श्वास पुरत नाही तिला..."

मला एवढा राग आला की भीती मागे पडली. त्या बडवणाऱ्याचा राग आणि त्याहून जास्त माझ्या डोलणाऱ्या मानेचा. "मी केली!" मी ओरडलो. "त्याने सांगितलं आणि मी ऐकलं. वीज गेली नव्हती, काका!"

मूठ सैल झाली. दार उघडताच मुलगा मला ढकलून आत घुसला. "काय बरळताय त्यांच्यासमोर?" मी बाहेर पडलो आणि माझ्या पाठीमागे कडी पुन्हा लागली.

आतून काकांनी त्यालाही तेच विचारलं, तितक्याच शांतपणे.

"वीज गेली होती, बाबा," तो म्हणाला.

मग कुणीतरी धापा टाकायला लागलं, बुडणाऱ्या माणसासारखं. मी दार वाजवलं नाही. रागाने की भीतीने, ते मला आजही सांगता येत नाही.

धाप मुलाचीच होती, आणि वाढतच होती. आणि काका मात्र अगदी हळू, समजावल्यासारखं म्हणत होते, "अरे, नीट सांग तिला... ती परत विचारतेय..."