न नाचण्याचं वर्ष

मेळाव्यात जोडीचा नाच पुकारला होता. आमच्याकडे त्या नाचात बायकांनी पुरुष निवडायचा, आणि तो नाही म्हणाला तर त्यानं दंड द्यायचा. मी मात्र रिंगणाबाहेर खुर्चीत बसून होते. तेवढ्यात एक उंच मुलगा समोर येऊन रेंगाळला.

"सगळ्या मुली उठल्या. तू काय मुहूर्त बघतेयस?"

"आई गेलीय माझी... यंदा मी नाचत नाही."

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. उत्तर अमेरिकेतल्या आम्हा ओजिब्वे आदिवासी लोकांत घरचं माणूस गेलं की वर्षभर नाचायचं नाही, हे त्याला वेगळं सांगायला नको होतं. माफी मागून जाईल असं वाटलं, तर तो शेजारीच बसला. माझी मावसबहीण वेंडा त्याला ओढायला आली, तेव्हा यानं मुकाट्यानं डोक्यावरची टोपी काढून दंड म्हणून तिला दिली.

"वेडा आहेस का? जा की," मी म्हटलं.

"मला दुसरीच कुणीतरी निवडणार आहे. पुढच्या उन्हाळ्यात."

लायल त्याचं नाव. मग प्रत्येक मेळाव्यात तो माझ्याशेजारी बसू लागला. ढोल सुरू झाला की माझे पाय हलायचे, मी ते दाबून धरायची. माझा नाच बंद झाला तेव्हा कळलं, एरवी मी दुःख कुठे ठेवत होते ते.

"पत्र्याच्या नळ्यांचा झगा घालतेस ना तू, नोरीन? आजारी माणसं बरी व्हावीत म्हणून नाचणारी?"

"आईसाठीही नाचले होते. काय उपयोग झाला?"

"ती बघत होती ना?"

"...शेवटपर्यंत."

"मग?"

वर्ष सरलं. मावशीनं हाताला धरून मला रिंगणात परत नेलं. झगा किणकिणला. जोडीचा नाच पुकारल्याबरोबर मी थेट लायलकडे गेले, हात पुढे केला. तो हलला नाही. तेव्हा माझं लक्ष गेलं... त्याची लांब वेणी कापलेली होती, जवळचं कुणी गेलं की आमच्यातले काहीजण कापतात तशी.

"कोण?"

"थोरला भाऊ. गेल्या महिन्यात."

"मग आलास कशाला?"

"तू परत नाचणार होतीस. बघायला आलो."

मी शेजारची खुर्ची ओढली. त्यानं ती पायानं अडवली.

"बसू नकोस."

"माझं प्रेम आहे तुझ्यावर, लायल."

"ठाऊक आहे. म्हणूनच सांगतोय. भावासाठी नाच... मला नाही ना नाचता येत यंदा."

मी एकटीच आत शिरले. आजूबाजूला जोड्या हसत फिरत होत्या. त्याच्यासमोरून गेले तेव्हा तो तोंडावर हात धरून हुंदके देत होता, आणि मला थांबून चालणार नव्हतं.