तुमचं डावं की माझं

नव्या वर्गाच्या पहिल्या तासाची तयारी बाईंच्या हाताला पाठ झाली होती. लुकडे मामांना कोपऱ्यातून चाकांच्या स्टँडसकट ओढत आणायचं, बरगड्यांमधली धूळ झटकायची आणि त्यांच्या मनगटांना चिठ्ठ्या बांधायच्या. एकीवर ‘डावा’, दुसरीवर ‘उजवा’. लुकडे मामा म्हणजे वर्गातला सापळा, खऱ्या हाडांचा. कुठल्याशा जुन्या तुकडीने ठेवलेलं हे नाव त्यांना कायमचं चिकटलं होतं.

नर्सिंगच्या मुली वह्या उघडून बसल्या.

“ताठ उभं राहायचं, तोंड समोर, हात बाजूला, तळवे पुढे,” बाई म्हणाल्या. “ही शरीराची प्रमाण स्थिती. माणूस झोपलेला असो की पालथा पडलेला, त्याच्याबद्दल बोलताना तो असाच उभा आहे असं धरायचं.”

“पण मॅडम, असं कोण उभं राहतं?” मागच्या बाकावरून एकीने विचारलं. “कुणाला तरी मिठीत घ्यायला निघाल्यासारखं वाटतं.”

वर्गात खसखस पिकली. बाईही हसल्या, पण आतून गलबलल्या.

“बरं, आता मामांचा डावा हात दाखवा.”

चिठ्ठ्या वाचायच्या सोडून सगळ्या बोटांनी उजवा हात दाखवला. दरवर्षी हेच व्हायचं. “समोरच्याचं डावं, पोरींनो. देहापुढे उभं राहिलं की आपलं डावं-उजवं विसरायचं.”

घरी मात्र हा नियम कधीच चालला नव्हता. नवरा फोटोग्राफर. फोटोत डावीकडे दिसेल ते डावं, हा त्यांचा हेका. हौसेने बायकोला स्टुलावर बसवायचे, लवंग चघळत कॅमेऱ्यामागे जायचे आणि म्हणायचे, “मान जरा डावीकडे.” बाई नेमकी उलटी वळवायच्या. “अहो, तुमचं डावं की माझं?” मग ते पुढे यायचे, हनुवटीखाली दोन बोटं लावून चेहरा हवा तसा वळवायचे. “आता श्वास रोख, मी ‘सोड’ म्हणेपर्यंत.” तोवर बाईंना हसू फुटलेलं असायचं आणि फोटोचा विचका. “राहू दे,” ते म्हणायचे, “तुझा एकदा निवांत काढू.”

अख्ख्या गावाचे फोटो काढले त्यांनी, पण बायकोचा एकही धड नाही. ते गेले, स्टुडिओ दुसऱ्या कुणी चालवायला घेतला, आणि तो निवांतपणा काही आला नाही. लोकांना वाटे, बाईंना त्या फोटोची हुरहुर आहे. बाईंना फोटो नकोच होता. त्यांना ती दोन बोटं हवी होती, एकदाच.

तासाच्या शेवटी त्यांनी मुलींना श्वास रोखायला लावलं. बघता बघता सगळ्या धापा टाकू लागल्या. “बघा, श्वास रोखणं थोडा वेळच आपल्या हातात. मग मेंदू कुणाचं ऐकत नाही, तो श्वास घ्यायला लावतोच. म्हणून तर आपण झोपेतही जिवंत असतो.”

मुली गेल्या. चित्रं दाखवण्यासाठी ओढलेले पडदे तसेच होते. बाहेर दुपार कलत होती, आत मात्र गढूळ अंधार होता आणि फिनेलचा वास. बाईंनी फळा पुसला आणि चिठ्ठ्या सोडायला मामांकडे वळल्या.

डाव्या मनगटावर ‘उजवा’ लिहिलेलं होतं.

पोरींचा चावटपणा, त्या मनाशी म्हणाल्या. चिठ्ठ्या सोडून पुन्हा नीट बांधल्या, दोऱ्याला दुहेरी गाठ मारली. खडू डब्यात ठेवायला पाठ वळवली तेवढ्यात मागे हाडावर हाड वाजलं. हलकेच.

चिठ्ठ्या पुन्हा उलट झाल्या होत्या. गाठी बाईंच्याच होत्या, दुहेरी, न सुटलेल्या. आणि एरवी मांडीकडे वळून लोंबणारे मामांचे तळवे आता पुढे होते.

बाई एक पाऊल मागे सरल्या. दाराकडे जावं असं वाटलं, आणि तेवढ्यात तो वास आला. फिनेलच्या आतून, अगदी जवळून, लवंगेचा.

“अहो...”

बाईंनी चाचपडत स्टूल ओढलं आणि मामांच्या समोर बसल्या. किती वाट पाहायला लावलीत, असं म्हणायचं होतं, पण तोंडून निघालं ते नेहमीचंच.

“तुमचं डावं की माझं?”

हाडं वाजली. एकदा... मग दुसऱ्यांदा, आणखी जवळ.

“बरं, तुमचंच,” बाई पुटपुटल्या. “तुमचंच खरं. मी नाही भांडत आता.” त्यांनी डोळे मिटले आणि आयुष्यात पहिल्यांदा मान नवऱ्याच्या डावीकडे वळवली.

हनुवटीखाली दोन बोटं आली आणि चेहरा आणखी थोडासा वळवून थांबली. बोटं थंड होती, टणक होती. नवऱ्याची बोटं तर उबदार असायची, हे बाईंना आठवलं. पण त्यांनी ते मनावर घेतलं नाही.

“श्वास रोख...”

बाईंनी रोखला. या वेळी हसू आलं नाही. छाती भरलेली, खांदे सरळ, मांडीवरचे तळवे आपोआप वर वळलेले.

दारावर टकटक झाली. “मॅडम, आहात ना आत?” झाडलोट करणाऱ्या मावशींचा आवाज. “कुलूप लावायचंय...”

हो म्हणावं असं बाईंना वाटलं. पण बोलायला श्वास सोडावा लागतो, आणि तो आत्ताच सोडला तर पुन्हा फोटोचा विचका. त्या वाट पाहत राहिल्या. कुणाचंही न ऐकणारा मेंदू आता बंड करील, छाती धडपडेल, असं त्यांना वाटत होतं.

छाती धडपडली नाही. आत कुठे काही मागणंच उरलं नव्हतं.

मावशी पुन्हा दार वाजवू लागल्या, जरा जोरात. हनुवटीखालची बोटं हलली नाहीत. त्यांचं ‘सोड’ अजून यायचं होतं, आणि बाईंना कसलीही घाई नव्हती.