‘उतरा खाली’ म्हणायचं नाही

"अहो दादा, जरा ऐकता का?"

खालून हाक आली तेव्हा ती खांबाच्या टोकाशी होती. कमरेचा पट्टा खांबाला अडकवलेला, दातांत टेपचा तुकडा. तिनं टेप चिकटवला, पक्कड पट्ट्यात खोचली आणि मग सावकाश खाली पाहिलं.

"दादा घरी असतो," ती म्हणाली. "इथे मी आहे."

ओढ्यावरच्या लहानशा पुलाच्या कठड्यावर एक माणूस बसला होता. मांडीवर लॅपटॉप, मान वाकडी करून खांद्याशी धरलेली छत्री, आणि शेजारी एक शेळी त्याच्या पिशवीचा बंद मन लावून चघळत होती. त्यानं वर पाहिलं, हेल्मेटखालची वेणी पाहिली आणि कानापर्यंत लाल झाला.

"माफ करा… म्हणजे, उन्हामुळे दिसलं नाही…"

"होतं असं. आधी पिशवी वाचवा."

तर असा तो भेटला. अख्खं गाव त्याला ‘पुलावरचा’ म्हणत होतं हे तिला नंतर कळलं. चढावरचं निळ्या दाराचं घर त्यानं दोन महिन्यांपूर्वी विकत घेतलं होतं. घर छान, हवा छान, पण घरात मोबाइलला रेंज नाही आणि इंटरनेटची लाइन तर सव्वा किलोमीटर अलीकडेच संपलेली. फोनवर थोडंफार नेट मिळे ते फक्त या पुलावर, म्हणून नोकरी पुलावर. सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच.

"काम काय करता?" तिनं वरूनच विचारलं.

"सिनेमातली माणसं परक्या भाषेत बोलतात ना, त्यांचं बोलणं मी आपल्या भाषेत पडद्याखाली लिहितो."

"म्हणजे दुसऱ्यांच्या तोंडचं. स्वतःचं काही बोलता की नाही?"

"बोलतो की. पण वाक्य किती अक्षरांत बसेल ते आधी मोजायची सवय लागलीये. मोजून होईस्तोवर समोरचा निघून जातो."

"मग मोजा निवांत. मी अजून दहा मिनिटं वर आहे."

तो हसला. हसताना त्याचे डोळे आधी हसायचे, ओठ मागून. तिच्या हातून क्लॅम्प निसटता निसटता राहिला.

तीनदा अर्ज केला, त्यानं सांगितलं. तिन्ही वेळा ‘शक्य नाही’ असं उत्तर आलं. महिनाअखेरपर्यंत घरी लाइन आली नाही तर शहरातल्या ऑफिसात परत यायचं, असा हुकूम होता. त्याची ताई तर पहिल्या दिवसापासून म्हणत होती, आठवडाभर टिकलास तरी पुष्कळ.

"मग जाणार परत?"

"नाही," तो म्हणाला. हे मात्र न मोजता. "बारा वर्षं मी अशा खोलीत राहिलो जिथे भर दुपारी दिवा लावावा लागायचा. आता नाही."

हा ‘नाही’ तिला आवडला. तिच्या घरी असे ‘नाही’ म्हणणारी ती एकटीच होती.

तालुक्याच्या इंटरनेट ऑफिसात शिडी घेऊन खांबांवर चढणारे सात जण होते. त्यातले सहा पुरुष, सातवी ही. पंचक्रोशीत तिला ‘तारवाली’ म्हणत. आधी चेष्टेनं म्हणत, मग लाइन बंद पडली की काकुळतीनं म्हणायला लागले.

"एका घरासाठी सव्वा किलोमीटर?" साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला. "चौथ्यांदा ‘शक्य नाही’ लिही आणि विषय संपव."

"चार अर्ज असले तर कंपनी खांब देते. नियम आहे."

"आहे. पण त्या चढावर घरंच तीन आहेत, बाई. चौथा अर्ज काय भूत करणार?"

"चार अर्ज आणले तर?"

"आण," साहेब हसले. "महिनाअखेरच्या आत आण. तार ओढणारी माणसं मात्र मागू नकोस, सगळी जिल्ह्याच्या कामावर आहेत."

"माणसं कोण मागतंय? मी आहे ना."

दुसऱ्या दिवशी दोघं अर्जाचे कागद घेऊन चढ चढले. पहिलं घर निवृत्त नर्सबाईंचं. त्यांनी दोघांना आळीपाळीनं न्याहाळलं, मुलगी परदेशात असते म्हणाल्या, आणि सही करता करता विचारलं, "आणि तुम्ही दोघं कधीपासून?"

"आम्ही कामानिमित्त," ती घाईनं म्हणाली.

"असं होय," नर्सबाई म्हणाल्या. तो उगाच छताकडे बघत राहिला.

दुसरं घर दोन भावांचं. मधोमध भिंत घातलेली, आठ वर्षं अबोला. थोरल्यानं दारातूनच हात झटकला. "आमचं काय अडलंय? आम्ही काय तारेवर जगतो?"

"बरं," ती मुद्दाम मोठ्यानं म्हणाली. "मग पलीकडच्या दारी विचारते."

"पलीकडे? त्याला देणार तुम्ही?"

"मागितलं तर देणारच."

"थांब! कागद आण इकडे. माझं नाव त्याच्या आधी लागलं पाहिजे."

धाकट्यानं तर बसायलाही सांगितलं नाही. "त्यानं घेतलं? किती वेगाचं? मला त्याच्याहून वरचं लिही."

वळणापर्यंत दोघांनी हसू कसंबसं दाबलं. वळणावर मात्र ती जी हसत सुटली ती रस्त्याकडेच्या दगडावर बसलीच. डोळे पुसून पाहते तर तो हसायचा थांबलेला, नुसता तिच्याकडे पाहत होता.

"काय?"

"काही नाही… मोजतोय."

तिनं उगाच हेल्मेटचा पट्टा आवळला. चार अर्ज हातात होते आणि वारा ते उडवायला बघत होता. दोघांनी एकदमच धरले. बोटांवर बोटं आली, तशीच राहिली… मग नर्सबाईंचं कुत्रं भुंकलं.

साहेबांनी अर्ज दोनदा उलटून पाहिले आणि खांब मंजूर केले. मजुरांनी खड्डे खणले, खांब रोवले. आता तार ओढायची होती.

पण मध्ये रविवार आला, आणि रविवारी आईनं पाहुणे बोलावले होते. मुलगा सभ्य होता, त्याची आई त्याहून सभ्य.

"मुलगी आवडली आम्हाला," त्या म्हणाल्या. "फक्त ते खांबांवर चढणं तेवढं… लग्नानंतर ऑफिसात टेबलावरचं काम मिळेल ना?"

"मिळेल की," दादा घाईनं म्हणाला.

"मिळेल," ती म्हणाली, "पण मी घेणार नाही."

कपातला चमचा थांबला. दादाच्या कपाळाची शीर उडायला लागली. पाहुणे गेल्यावर त्यानं घर डोक्यावर घेतलं, आणि आई न बोलता कप विसळत राहिली. ते न बोलणं जास्त लागलं.

"आई, मी काय चोरी करते का?"

"चोरी नाही गं. पण लोक वर बघतात आणि बोलतात."

"मग बघू दे. वर बघणाऱ्याचीच मान दुखते."

हे सगळं मनात धगधगत असतानाच सोमवारी ती पाचव्या खांबावर चढली. वारा सुटला होता. पट्टा पक्का होता, खांब पक्का होता, आणि वाऱ्याची तिला सवय होती. तेवढ्यात खालून तो ओरडला.

"उतरा खाली! उतरा आधी!"

ती झरझर उतरली. वाटलं, कुणाला काही झालं.

"काय झालं?"

"वारा बघितलात का? खांब हलतोय! राहू दे हे… एखाद्या माणसाला बोलवा ना."

"माणसाला?" ती अगदी हळू म्हणाली. "आणि मी कोण आहे?"

त्यानं जीभ चावली. उशीर झाला होता.

"तसं नाही हो, मला म्हणायचं होतं—"

"तसंच म्हणायचं होतं. तुम्हीही त्यातलेच. फक्त तुम्ही ते काळजीच्या कागदात गुंडाळून देता." तिचा आवाज कापला म्हणून ती आणखी चिडली. "तार मी तुमच्या दारापर्यंत आणणार. कामाला मी पाठ दाखवत नाही. पण काम होईस्तोवर माझ्याशी एक शब्द बोलायचा नाही."

आणि ती पुन्हा वर चढली. वारा होताच. चढून वर पोचल्यावर तिला कळलं की डोळ्यांत पाणी आहे, आणि ते वाऱ्याचं नाही.

तीन दिवस त्यानं तिचा शब्द पाळला. ती चढाच्या वाटेवर एकेक खांब पुढे सरकत होती, तो पुलावर बसत होता. नर्सबाई पाणी द्यायच्या निमित्तानं येऊन बातमी देऊन जात. "लॅपटॉप उघडा असतो, पण बोटं चालत नाहीत. शेळीनं त्याचा डबा खाल्ला, तरी कळलं नाही."

"मला काय त्याचं?" ती म्हणे, आणि पुढचा प्रश्न विचारायचा मोह दाताखाली दाबे.

चौथ्या दिवशी, महिन्याच्या शेवटच्या दिवशी, तार निळ्या दारापर्यंत पोचली. सकाळपासून रिमझिम होती. माती भिजून लोण्यासारखी झालेली. तिनं भिंतीला शिडी लावली, वर चढून खिळे ठोकायला घेतले, आणि शिडीचा पाय बोटभर सरकला.

तिनं श्वास धरला. शिडी पुन्हा सरकली नाही.

खाली तो होता. दोन्ही हातांनी शिडी घट्ट धरलेली, पाय शिडीच्या पायाला टेकवलेला, नजर जमिनीवर. छत्री नव्हती. पावसाचं पाणी त्याच्या केसांवरून मानेत उतरत होतं. तो बोलला नाही. वर बघितलंही नाही.

पाच मिनिटांचं काम होतं. तिला वीस लागली.

"बोला आता," शेवटी ती म्हणाली. "काम झालं."

"मला भीती वाटली होती," तो जमिनीला सांगावं तसं म्हणाला. "अजून वाटतेय. पण भीती माझी आहे, ती मीच खाली उभं राहून सांभाळायला हवी. त्यासाठी तुम्हाला खाली ओढायचं नव्हतं. आणि ‘माणसाला बोलवा’ म्हणालो, त्याची लाज वाटते."

"एवढं सांगायला तीन दिवस?"

"तुम्हीच म्हणाला होतात, एक शब्द नाही."

"बरं. आणखी काही?"

त्याची बोटं शिडीच्या दांड्यावर एकेक करून टेकत होती. पाऊस पत्र्यावर टपटपत राहिला.

"मोजताय?"

"नाही… आता मोजून नाही जमणार. लाइन आली की तुम्ही इकडे यायच्या बंद होणार. काल रात्री मनात आलं, ही तार तुटावी."

"माझी तार तोडलीत तर याद राखा," ती म्हणाली, पण आवाजात जरब आलीच नाही. ती उतरू लागली. एकेक पायरी. शेवटच्या पायरीवर येऊन वळली तरी त्यानं शिडी सोडली नव्हती. त्याचे हात तिच्या दोन्ही बाजूंना, आणि पुढे त्याचा भिजलेला चेहरा.

"हात काढा ना."

"शिडी हलेल."

"मी खाली पोचलेय."

"तरी…"

तिनं हेल्मेट काढलं, त्याच्या डोक्यावर ठेवलं आणि म्हणाली, "भिजून आजारी पडशील, वेड्या." ‘तुम्ही’ कुठे गळून पडलं, दोघांनाही कळलं नाही.

आत जाऊन तिनं राउटर लावला. लाल दिवा बराच वेळ लुकलुकला. ती गुडघ्यांवर बसून होती, तो तिच्या मागे श्वास रोखून उभा. मग दिवा हिरवा झाला. त्यानं ऑफिसला दोन ओळींचा निरोप धाडला: घरी लाइन आली आहे, मी परत येणार नाही.

"एकदा चित्र येतं का बघायला हवं," ती म्हणाली, आणि आपल्या फोनवरून आईला व्हिडिओ कॉल लावला.

आईचा चेहरा स्वच्छ उमटला. कपाळावरची आठीसुद्धा स्पष्ट. "अगं, हे कुणाचं घर? आणि तुझ्यामागे हेल्मेट घालून कोण उभाय?"

ताकाला जाऊन भांडं लपवायचा तिचा स्वभावच नव्हता.

"आई, याच्याशी मी लग्न करणार आहे. त्याला अजून विचारलेलं नाही. आता विचारते, तू ऐक." ती वळली. मान ताठ होती. "करशील का माझ्याशी लग्न? आधीच सांगते, मी खांब सोडणार नाही. तुझ्यासाठी नाही, दादासाठी नाही, कुणासाठीच नाही."

"सोडणार असशील," तो म्हणाला, "तर मात्र मला विचार करावा लागेल."

आई काहीच बोलली नाही. चित्र अडकलं की काय म्हणून तिनं फोन हलवला. अडकलं नव्हतं. आई पदरानं डोळे टिपत होती, आणि त्या पदराआडून तिचं हसू फुटत होतं.

"दादा आकाशपाताळ एक करील, माहितीये ना?"

"करू दे."

"अहो, तुम्ही," आई आता थेट त्याच्याशी बोलायला लागली, "रविवारी घरी या. आणि हिच्या भावासमोर मान खाली घालू नका. मान खाली घालणाऱ्यालाच तो जास्त बोलतो. दुसऱ्या बाजूनं मी आहेच. पुष्कळ वर्षं गप्प बसले मी."

फोन बंद झाल्यावर बराच वेळ ती त्याच्या खांद्याला टेकून उभी राहिली. मग एकदम भानावर आली. अजून नर्सबाईंची जोडणी बाकी होती, पलीकडे दोन्ही भाऊ आपापल्या अंगणात वाट बघत उभे होते, आणि दिवस मावळायला दोनच तास होते.

"चल," तिनं शिडीचं पुढचं टोक उचललं. "नुसता उभा राहू नकोस. मागून धर."

"लोक बघतील," तो मागचं टोक खांद्यावर घेत हसत म्हणाला.

"बघू देत."

आणि दोघं रिमझिमत्या पावसात, वाटेच्या मधोमध, चढ उतरू लागले.