आरशाबिगर

हनुमंताचं तेरावं उरकून आठवडा झाला होता. गुरुवारी चष्म्याचं दुकान बंद असतं, म्हणून रविराज चांगुणावहिनींचा चष्मा घेऊन भरदुपारी निघाला. चष्मा हनुमंतानेच बायकोसाठी सांगून ठेवला होता, मरायच्या चार दिवस आधी. नवरा गेला म्हणून तिला दिसायचं थांबलंय का, चष्मा नेऊन द्यायलाच हवा, असं रविराज घरी धनश्रीला म्हणाला. ते खोटं नव्हतं. पण पाय ओढत होते ते दुसऱ्याच गोष्टीसाठी. त्याला हनुमंताचा शेवटचा रणगाडा बघायचा होता.

नगरमध्ये रणगाड्यांचं वेड असणं काही नवलाचं नाही. इथली पोरं संग्रहालयातल्या रणगाड्यांपुढे फोटो काढतच मोठी होतात. रविराजचं वेड पंचेचाळिशीतही उतरलं नव्हतं, एवढंच. प्लॅस्टिकच्या किटमधले दोनशे-तीनशे तुकडे कापायचे, घासायचे, चिकटवायचे, रंगवायचे, की वीतभर रणगाडा तयार. त्याच्याकडे परदेशी किट होते, रंग फवारायचा एअरब्रश होता, डोक्याला बांधायचं भिंग होतं. फक्त रणगाड्यावरच्या शिपायांचे डोळे काही केल्या साधत नव्हते. दिवसभर गावाच्या डोळ्यांचे नंबर काढणाऱ्या माणसाला बोटभर शिपायाचे दोन डोळे काढता येऊ नयेत, याची हौशी मंडळात मजेने थट्टा व्हायची.

हनुमंत गणपतीच्या कारखान्यात मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करायचा. या छंदाला त्याला रविराजनेच लावलं. पहिलं किटही स्वतःच्या हाताने दिलं, आणि तिथेच घोडं पेंड खाऊ लागलं. दोन वर्षांत हनुमंताने साध्या ब्रशने असे जिवंत शिपाई रंगवले, की प्रदर्शनात लोक रविराजच्या टेबलापुढे थांबेनासे झाले. "डॉक्टर, तुमच्या शिपायाला नंबर लागलाय," हनुमंत हसत म्हणायचा. रविराजही हसायचा, आणि घरी जाऊन अर्ध्या ताटावरून उठायचा. त्याला हेवा वाटायचा. साधा, सरळ, पोटात जळणारा हेवा.

हनुमंताची रीत मात्र विचित्र होती. डोळे तो सगळ्यात शेवटी काढायचा. शिपायाच्या तोंडापुढे केस विंचरायचा गोल आरसा उभा करायचा, आपण पाठीमागे बसायचा, आणि आरशात बघत मागून ब्रश पुढे न्यायचा.

"असं उलटं कशाला काढता?" रविराजने एकदा विचारलं होतं.

"डोळं उघडताना आपन म्होरं यायचं न्हाई, डॉक्टर. पयली नजर ज्याच्यावर पडंल, त्याचंच मन घेतंय ते. त्यानं सवताला बघावं, म्हंजी निर्मळ ऱ्हातंय."

खरी युक्ती लपवायला मारलेली थाप, असंच रविराजला तेव्हा वाटलं होतं.

चांगुणावहिनींनी चष्मा लावून पाहिला आणि त्याला पत्र्याच्या शेडमध्ये नेलं. आत टर्पेंटाइनचा वास तसाच कोंडून राहिला होता. बाकावर रणगाडा होता, आणि त्याच्या झाकणातून कमरेपर्यंत वर आलेला कमांडर. धुळीने माखलेली कॉलर, उन्हाने रापलेली मान, कपाळावर घाम. रविराज बाकाशी वाकला. एवढं सगळं होतं, फक्त डोळ्यांच्या जागी नुसती गुळगुळीत कातडी होती.

"ह्यांचं एवढंच ऱ्हायलं बगा," वहिनी म्हणाल्या. "डोळं तुमी उघडा, भावजी. पन नाव ह्यांचंच ठिवा." मग त्यांनी आरसा फडक्यात गुंडाळून त्याच्या हातात दिला. "ह्यो बी न्या. आरशाबिगर करू नका."

रविराजने दोन्ही गोष्टी कबूल केल्या.

पुढच्या गुरुवारी दुपारी धनश्री मेंदीच्या क्लासला गेल्यावर तो कामाला बसला. धूळ उडून ओल्या रंगावर बसू नये म्हणून पंखा बंद केला, खिडकी लावली. आधी त्याने आरसा ठेवून पाहिला. ब्रश पुढे न्यावा तर आरशात तो उलटा आपल्याकडेच यायचा. दोनदा चुकल्यावर त्याने आरसा ड्रॉवरमध्ये टाकला, भिंग डोळ्यांवर ओढलं आणि कमांडरच्या समोर नाकाला नाक लावून बसला.

भिंगात तो चेहरा बशीएवढा झाला. घरात कुठलाच आवाज नव्हता. रविराजच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती, की हा हात देवाने हनुमंताला का दिला, मला का नाही... त्याने श्वास रोखला आणि ठिपके ठेवले. एक. दोन.

डोळे उघडले.

हनुमंतालाही जमले नसते इतके सुरेख डोळे उतरले होते. पण ते रविराजच्या तोंडाकडे बघत नव्हते. जरा खाली, त्याच्या ब्रश धरलेल्या उजव्या हाताकडे बघत होते. त्याने हात बाजूला नेला. डोळे हातावरच होते. हात टेबलाखाली घेतला, तर नजर टेबलाच्या कडेवर येऊन थांबली. चांगल्या डोळ्यांचं असंच असतं, कुठूनही बघा, आपल्याकडेच बघतात, अशी त्याने मनाची समजूत घातली. ती नजर ओळखीची वाटत होती. कुठली, ते आठवेना.

दिवाळीनंतर सावेडीत प्रदर्शन भरलं. रणगाड्यापुढच्या चिठ्ठीवर रविराजने आपलं नाव लिहिलं. लिहिताना त्याला लाज वाटली नाही, हे खरं सांगायला हवं. पहिला नंबर मिळाला. एका निवृत्त मेजरसाहेबांनी तसाच दुसरा रणगाडा बनवून मागितला. लोक त्याचा हात हातात घेऊन दाबत होते, तेवढ्यात गर्दीतून चांगुणावहिनी पुढे आल्या. नव्या चष्म्यातून त्यांनी चिठ्ठी वाचली. तिच्याविषयी त्या काही बोलल्या नाहीत. कमांडरकडे मात्र बराच वेळ बघत राहिल्या.

"आरसा न्हाई ना ठिवला, भावजी?"

रविराज पुढची चिठ्ठी उगाच सरळ करू लागला.

"ह्यो कुनाचं तरी चांगलं बघून जळतुया..." त्यांनी त्या नजरेच्या रोखाने मान वळवली. "तुमच्या हाताकडं बघतुया ह्यो."

मग त्या पदर सावरून निघून गेल्या. रविराजला तेव्हा कळलं, की ती नजर ओळखीची का होती. दोन वर्षं हनुमंताच्या हाताकडे तो स्वतः याच नजरेने बघत आला होता.

त्याच आठवड्यात हात कापायला लागला. दुकानात काही नाही, जेवताना काही नाही. मेजरसाहेबांच्या शिपायावर ब्रश टेकवला, की बोटं लटपटायची. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या आणि काही नाही म्हणून सांगितलं. रविराजने कमांडरला कपाटावरच्या काचेच्या पेटीत भिंतीकडे तोंड करून ठेवलं. सकाळी त्याचं तोंड टेबलाकडे होतं. धनश्रीने हात लावला नव्हता. शेवटी त्याने हनुमंताचा आरसा काढून पेटीत त्याच्यापुढे उभा केला, आणि बाजूने हळूच डोकावून पाहिलं. आरशातले डोळेही त्याच्या हातावरच होते...

चार महिने असे गेले. ज्या रंगकामासाठी एवढं केलं, तेच हातातून गेलं होतं.

मेजरसाहेबांचा फोन आला त्या दुपारी धनश्री त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली. कापणारा ब्रश तिने अलगद काढून घेतला.

"द्या इकडे. रोज मेंदीच्या कोनाने केसाएवढ्या रेघा काढते मी. हे काय वेगळं आहे?"

"धनू, राहू दे..."

"अहो, बघा तर."

ती बसली आणि तिने शिपायाची भुवई एका दमात ओढली. मग दुसरी. अशी रेघ रविराजला वीस वर्षांत साधली नव्हती. त्याला बरं वाटायला हवं होतं. पण पोटात तीच जुनी आग उठली. आपल्याच बायकोचा हात बघून... त्याची त्यालाच शिसारी आली.

आणि त्याच्या ध्यानात आलं, की त्याचा स्वतःचा हात थांबलाय. मांडीवर ठेवलेली बोटं अगदी स्थिर होती. चार महिन्यांत पहिल्यांदाच.

त्याने सावकाश मान वर करून कपाटाकडे पाहिलं. कमांडर आता त्याच्या हाताकडे बघत नव्हता.

"अहो," धनश्री मान वर न करता म्हणाली, "जरा पंखा बंद करा ना. ब्रश हलतोय."

पंखा बंदच होता.