पाचव्या पायरीवरचं ‘झालं’

चिलापी माशाची शेवटची प्लेट कोणाची, यावरून भिगवणच्या एका हॉटेलात दोघांची जुंपली, तेव्हा ती दोघं एकमेकांना ओळखत नव्हती. निदान चेहऱ्याने तरी.

"ऑर्डर मी आधी दिली हुती, मॅडम," तो म्हणाला.

मेघनाचा हात प्लेटवरच थांबला. हा आवाज... हा तर रोज तिच्या कानात असतो!

"समाधान? इंदापूरचे?"

"आयला— बारामतीच्या मॅडम?" म्हणत त्याने जीभ चावली.

मेघना बारामतीच्या एका दूध संघाच्या मुख्य ऑफिसात नेटवर्क सांभाळायची, आणि समाधान इंदापूर तालुक्यातल्या दूध संकलन केंद्रांचं. दोन्ही नेटवर्क क्लाऊडवर, एकमेकांना जोडलेली. सात महिने दोघं फोनवर बोलत होती. काम करायची त्यांची रीत ठरलेली होती. तो यादी मोठ्याने वाचायचा, ती एकेक पायरी करून "झालं" म्हणायची आणि तो यादीवर खूण करायचा. भेट मात्र कधीच नाही.

शेवटी प्लेट निम्मी-निम्मी झाली.

"काटं काढून देऊ का?"

"मी काय लहान आहे?"

"न्हाय... पण फोनवर लई मोठ्या वाटायचा तुमी."

उजनी धरणावरून वारा येत होता. तिची निळी ओढणी उडाली, त्याच्या पाण्याच्या ग्लासात पडली, आणि ती पिळताना दोघंही कारण नसताना हसत सुटली. घरी जळोचीला पोचेपर्यंत मेघनाच्या ओठांवर ते हसू तसंच होतं.

प्रेमात पडलेल्या माणसाच्या हाती नेटवर्क देऊ नये, हे आमचं आपलं मत. पण ते विचारतो कोण?

पुढच्या शुक्रवारी मोठं काम होतं. बारामतीकडचे पत्ते, म्हणजे नेटवर्कवर प्रत्येक यंत्राला लागणारे नंबर, संपत आले होते, म्हणून नेटवर्कला पत्त्यांची नवी रेंज जोडायची होती. इंदापूरकडच्या निरवांगी गावच्या केंद्राचा दूध नोंदवायचा नवा प्रोग्रॅम सोमवारपासून याच नव्या पत्त्यांवर बसणार होता. रेंज जोडली की दोन नेटवर्कच्या मधल्या जोडणीवर जाऊन ‘सिंक’चं बटण दाबायचं. ते राहिलं, तर इंदापूरला नवे पत्ते कळतच नाहीत. जळोचीत नवी कॉलनी उठावी, घरांवर नंबर पडावेत आणि पोस्टमनला कुणी सांगूच नये, तसं.

"पायरी चार. नवी रेंज जोडली?"

"झालं."

"पायरी पाच. इंदापूरच्या जोडणीवर सिंक... आन् मॅडम, एक इचारू? ती निळी ओढणी... आज घातलीया का?"

मेघनाचा हात माऊसवरून उठला आणि गळ्याशी गेला. ओढणी निळीच होती!

"झालं," ती हसत म्हणाली.

त्याने खूण केली. बटण तसंच राहिलं.

सोमवारी सकाळी सहाला निरवांगीच्या केंद्रावर नोंदीचं यंत्र उघडेचना. हाताने लिहायची वही तर कधीच बंद झाली होती. नोंदीवाचून दूध घेता येईना, आठला टँकर मोकळाच गेला. मार्च संपत आला होता, ऊन चढलं, आणि दहापर्यंत रांगेतल्या कॅन एकामागून एक नासल्या.

संघाचे यशराज सर फोनवरच्या बैठकीत कडाडले, "समाधान, खूण तुमची आहे. इंदापूरकडून तपासणं तुमचं काम होतं. एकतीसला करार संपतोय तुमचा. पुढे ठेवायचं की नाही, बघावं लागेल."

"चुकलं, सर," समाधान हळूच म्हणाला. "पाचवी पायरी मी वाचलीच नसंल."

मेघना त्याच बैठकीत होती. माईक बंद, बोट माईकच्या बटणावर. त्याने पायरी वाचली होती, हे सांगायचं होतं. पण जानेवारीतच ती नोकरीत कायम झाली होती, आणि अप्पांनी, तिच्या वडिलांनी, साऱ्या जळोचीत पेढे वाटले होते. शुक्रवारी एक बटण दाबायचं राहिलं, सोमवारी दुसरं. फरक इतकाच, की दुसऱ्या वेळी ती विसरली नव्हती.

बैठक संपली. तिने गुपचूप सिंक दाबलं. मिनिटभरात निरवांगी सुरू.

"शाब्बास, मेघना!" सर म्हणाले. "पाच मिनिटांत सोडवलंस!"

लाज ही गोष्ट मोठी वाईट. रागासारखी ती निवत नाही, बसल्या जागी वाढत जाते. मेघनाला जेवण जाईना. समाधानचा फोन आला की ती नुसता बघत राहायची. त्यातच निरोप आला, की केंद्र सुरू करून दिल्याबद्दल निरवांगीचे लोक गुरुवारी तिचा सत्कार करणार आहेत.

केंद्रासमोर मांडव घातला होता. खुर्च्या कोण लावत होतं? समाधान. त्याने तिच्याकडे बघून हसायचा प्रयत्न केला, आणि तिला तिथल्या तिथे मातीत गडप व्हावंसं वाटलं.

शाल घालायला भागुबाई उठल्या. सोमवारी त्यांच्याच दोन कॅन नासल्या होत्या.

"पोरी, तुझ्या हाताला यश हाय," म्हणत त्यांनी शाल उलगडली.

मेघनाने त्यांचे हात धरले. "आजी, नका घालू. तुमचं दूध माझ्यामुळं नासलं."

यशराज सर अर्धवट उठले.

"समाधाननं पाचवी पायरी वाचली होती," ती रडतच बोलत राहिली. "मी न करताच ‘झालं’ म्हणाले. आणि सोमवारी यांच्यावर खापर फुटलं, तेव्हा गप्प बसले. मला लाज वाटते, आजी. फार लाज वाटते."

"पन इसरलीस कशी गं?"

मेघनाची नजर नको तिथे, समाधानकडे गेली. "ते... ओढणीचं विचारलं होतं... फोनवर."

मागच्या खुर्च्यांमधून कोणीतरी फिस्सकन हसलं. भागुबाईंनी एकदा तिला न्याहाळलं, एकदा त्याला.

"व्हय का? मंग ह्यो बी थोडा चुकलाच की," त्या म्हणाल्या. शालीची घडी त्यांनी पुन्हा नीट घातली. "शाल ऱ्हाऊ दे. ह्यो नारळ घे. आल्यालं मानूस रिकाम्या हातानं धाडत न्हाय आमी."

नारळ घेऊन ती समाधानपाशी गेली. तो टँकरच्या सावलीत उभा होता. हसला नाही.

"चार दिस ती यादी काढून बघतोय मी," तो म्हणाला. "वाटलं, माझंच डोस्कं फिरलं. न वाचताच खुना करतोय. माझा माझ्यावर इस्वास ऱ्हायला न्हाय... आन् तुमी त्या बैठकीतच हुता, मॅडम."

तो खुर्च्या उचलायला निघून गेला.

समाधानचा करार वाढला. मेघनाला मेमो मिळाला आणि तीन महिने नेटवर्कला हात लावायचा नाही, अशी ताकीद. अप्पा ऐकून म्हणाले, "पेढे काय परत मागता येत न्हाईत. पण आता जेवशील तरी." आणि खरंच, त्या दिवशी ती दोन भाकरी जेवली.

मे महिन्यात पुन्हा एक रेंज जोडायची निघाली. बटणं आता समाधानकडे होती. यादी वाचायला मेघना.

"पायरी पाच. सिंक?"

"थांबा... बघतोय... हां. आता झालं."

यादी संपली होती. पण तिने खाली पेनाने एक ओळ लिहिली होती.

"पायरी सहा," तिने वाचलं.

"सहावी न्हाय यादीत."

"मी लिहिलीय. बारामतीच्या मेघनाला... माफ केलं?" ती थांबली. "आणि मला तुम्ही आवडता. हे त्या शुक्रवारीही खरं होतं, त्या सोमवारीही. म्हणून जास्त लाज वाटते."

पलीकडे पंखा फिरल्याचा आवाज येत होता. ती फोन ठेवणारच होती.

"पटकन ‘झालं’ म्हनलो असतो," समाधान म्हणाला, "पन खोटं हुईल. निम्मंच झालंय अजून."

"निम्मं?"

"उरल्यालं समोर बसून बघू. रविवारी भिगवणला याल? आन् मेघना..." मॅडम नव्हे, मेघना! "या टायमाला प्लेट मी सांगनार."

‘हो’ तिच्या ओठांवर आलंच होतं. पण तिने ते आवरलं, आधी कॅलेंडर उघडलं, रविवार खरंच मोकळा आहे ना ते नीट पाहिलं, आणि मगच म्हणाली, "येते."