मनोऱ्यातून न दिसणारा बर्फ

थियाने मनोऱ्यावरच्या खोलीचं दार ढकललं, तेव्हा आत एक तरुण जमिनीवर पालथा पडला होता. गालिच्याचा कोपरा उलटून, गाल फळ्यांना टेकवून तो कशाकडे तरी एकटक बघत होता.

"बर्फ बाहेर आहे," ती म्हणाली. "खिडकीतून दिसतो."

तो दचकून उठायला गेला आणि त्याचं डोकं खुर्चीच्या हातावर आपटलं. "आई गं! ही खुर्ची हलत का नाही?"

"बोल्टने जखडली आहे. राखणदाराने तिला सोडून जाऊ नये आणि तिने राखणदाराला."

"आणि हा राखणदार कोण?"

थियाने हातातली किल्ली वर धरली. "यंदा मी. तुम्ही आत कसे आलात?"

"दार उघडं होतं."

"नव्हतं."

"बरं... उघडण्यासारखं होतं."

त्याचं नाव रूबेन ड्रेक्सलर. इतिहास विभागात नवा होता, आणि विद्यापीठाला तीन वर्षांनी शंभर वर्षं पुरी होणार होती त्याचा ग्रंथ लिहिण्याचं काम त्याच्या गळ्यात पडलं होतं. कपाळावर टेंगूळ येत असूनही तो हसत होता, आणि हसताना त्याचा चष्मा नाकावरून घसरत होता.

कॉर्विन विद्यापीठ मुळात बर्फावर उभं राहिलं होतं. एझरा कॉर्विन याच तलावाचा बर्फ कापून विकायचा. त्याच्या लाद्या लाकडाच्या भुशात बांधून जहाजांतून दूरच्या गरम देशांत जायच्या. म्हातारपणी त्याने सगळी दौलत विद्यापीठाला दिली आणि एकच अट घातली... दर हिवाळ्यात कुणीतरी तलावाकडे बघत बसायचं. शेवटचा पांढरा ठिपका गेला की राखणदाराने खिडकीतून "पाणी!" अशी हाक द्यायची. खालच्या लोकांनी "पाहिलं!" म्हणायचं. मग घंटा, आणि दिवसभर वर्गांना सुट्टी. ती तारीख राखणदार छताच्या तुळईवर चाकूने कोरून ठेवी. १८६७ पासून एकही हिवाळा चुकला नव्हता.

थियाचा प्रबंध या तुळयांवरच बेतला होता. १९३१ नंतर बर्फ जवळजवळ आठवडाभर लवकर जायला लागला होता, आणि तोही हळूहळू नाही, एकदम. आलेखावरची ती पायरी पहिल्यांदा दिसली तेव्हा तिच्या अंगावर काटा आला होता. एका खंडाच्या हवेने कूस बदलली होती, आणि ते एका खुर्चीतून टिपलं गेलं होतं! मे महिन्यात तिची तोंडी परीक्षा होती. पदवी तेव्हा हाती आली, तर सप्टेंबरपासून पश्चिम किनाऱ्यावरच्या एका विद्यापीठात तिची जागा पक्की होती.

"हे बघा," रूबेन म्हणाला. "जमिनीत चार भोकं. खुर्चीच्या बोल्टचीच. म्हणजे कधीतरी ती त्या भिंतीकडे तोंड करून होती."

"भिंतीकडे?"

"कुणा राखणदाराला शिक्षा झाली असेल. वर्गात डुलकी घेतल्याबद्दल."

थिया हसली, आणि ती भोकं विसरून गेली.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला, डोनटची पुडी घेऊन. तिसऱ्या दिवशी सफरचंदाच्या गरम सायडरचा थर्मास. खिडकीच्या काचेवर गारांचा बारीक ताशा वाजत होता आणि खाली तलाव पांढराशुभ्र, निश्चल पसरला होता.

"तुम्ही इतका वेळ नुसतं बघता?" त्याने विचारलं.

"बघणं हेच काम आहे."

"मग मीही तेच करतो."

"तुम्ही तलावाकडे बघत नाही आहात."

"माझा विषय वेगळा आहे," तो म्हणाला, आणि थियाने घाईघाईने तोंड सायडरच्या पेल्यात लपवलं.

मार्चच्या शेवटच्या रविवारी तो तिला गिरणीकोपरा दाखवायला घेऊन गेला. टेकडीच्या सावलीतला तलावाचा हा एक चिंचोळा हात. काठावर कॉर्विनच्या जुन्या गिरणीच्या भिंती उभ्या होत्या.

"म्हातारा इथेच बर्फ कापायचा," रूबेन सांगत होता. "इथे ऊन पोचत नाही. सगळ्यात जाड बर्फ आणि सगळ्यात उशिरापर्यंत. तुझ्यासारखा... सहजासहजी वितळत नाही."

तो कधी 'तू' वर आला हे तिच्या लक्षात आलं होतं. त्यावर टोमणा मारायला ती वळली आणि थबकली. झाडांच्या शेंड्यांवरून मनोरा दिसत होता. त्याच्या पश्चिमेच्या भिंतीवर विटांची एक चौकट होती, बाकीच्या भिंतीपेक्षा उजळ. ती थेट यांच्याकडे बघत होती.

"ती काय आहे?"

"खिडकी होती. एकतीस साली खाली ग्रंथालयाचं धुरांडं आलं, धूर आत यायला लागला, म्हणून बुजवली. मी त्यावर एक ओळ..." तो मध्येच थांबला, कारण थियाच्या हातातला डोनट खाली पडला होता.

"खुर्ची भिंतीकडे तोंड करून नव्हती," ती हळू म्हणाली. "ती या खिडकीपाशी होती. त्यांना हा कोपरा दिसायचा, रूबेन. मला दिसत नाही. एकतीसनंतर कुणालाच दिसलेला नाही."

"मग?"

"मग बर्फ लवकर जायला लागला नाही. खुर्ची हलली."

बराच वेळ दोघं चालत राहिले. बुटांखाली बर्फ करकरत होता. फाटकापाशी तो म्हणाला, "ती भोकं फक्त आपण दोघांनी पाहिली आहेत. माझ्या ग्रंथात ती नसली तर काही अडणार नाही. गालिचा सरळ करून टाकू. तुझी मेमधली परीक्षा... तुझी ती जागा..."

त्याचा चेहरा पांढरा पडला होता. जन्मभर खरं शोधायचं काम करणारा माणूस तिच्यासाठी ते झाकायला निघाला होता. थियाला एकाच वेळी त्याचा राग आला आणि त्याला जवळ घ्यावंसं वाटलं.

"आज मला उत्तर विचारू नकोस," ती म्हणाली.

ती एकटीच वर गेली. स्टुलावर चढून तिने तुळयांवरून बोटं फिरवली. काही तारखा खोल, काही घाईच्या. १९१८ ची थरथरत्या हाताने कोरलेली. यातल्या बहुतेकांची नावंही आज कुणाला माहीत नव्हती. थंडीने कुडकुडत, परीक्षा सांभाळत, कधी घरून वाईट बातमी आलेली असताना ते इथे बसले, आणि आपण मेल्यावर कुणाच्या तरी कामाला येईल म्हणून जे दिसलं तेच कोरून गेले. खुर्ची हलल्यावरही त्यांनी जे दिसलं तेच कोरलं होतं. खोटं एकही जण बोलला नव्हता. पहिलं खोटं बोलायचा मान आता थियाकडे आला होता.

ती खाली उतरली आणि सरळ व्होरिसबाईंच्या दारावर टकटक केली.

व्होरिसबाई तिच्या मार्गदर्शक. चौतीस साली त्याही राखणदार होत्या. वर येऊन, गुडघे टेकून त्यांनी स्वतः त्या भोकांत बोट घालून पाहिलं. मग खुर्चीत बसल्या आणि हसायलाच लागल्या. डोळे मात्र भरले होते.

"अगं, हा गालिचा मीच टाकला! पाय गारठायचे म्हणून. आणि तीस वर्षं त्या पायरीवर पोरांना शिकवत आले."

"माझ्या प्रबंधातलं मधलं प्रकरण गेलं, बाई."

"गेलंच. मेमधली परीक्षाही गेली. ती पश्चिमेकडची जागा थांबणार नाही, कळतंय ना तुला?"

"कळतंय."

बाईंनी तिच्याकडे पाहिलं, जसं त्यांनी कधी कुणा विद्यार्थ्याकडे पाहिलेलं थियाने पाहिलं नव्हतं. "मग ऐक. यंदा बर्फ दोन ठिकाणी राखायचा. तू इथे. कोपऱ्यावर दुसरं कुणीतरी. दोन तारखांत किती अंतर पडतं ते मोजू. पण त्या थंडीत उभं कोण राहणार?"

"मी," दारातून आवाज आला. रूबेन हातात पुडी घेऊन उभा होता, चष्म्यावर वाफ धरलेली.

"तुम्ही इतिहासवाले. तुम्हाला बर्फातलं काय कळतं?"

"आहे की नाही, एवढं कळतं."

"तेवढं पुरे," बाई म्हणाल्या. जाता जाता त्यांनी पुडीतला एक डोनट उचलला.

रूबेन दारातच घुटमळला. "ते फाटकापाशी बोललो ते... मी परत घेतो."

"घे. पण कशासाठी बोललास, ते परत घेऊ नकोस," थिया म्हणाली, आणि लगेच खिडकीकडे वळली. कान का तापले होते, ते तिला चांगलं ठाऊक होतं.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात दक्षिणेकडून वारा सुटला. सकाळी तलाव करडा होता, दुपारी काळपट, आणि चहाच्या सुमाराला शेवटचा पांढरा तुकडा तिच्या डोळ्यांदेखत विरला. थियाने खिडकी उघडली. खाली शेकडो चेहरे वर वळलेले. "पाणी!" ती ओरडली. "पाहिलं!" अंगणातून एवढा मोठा आवाज उसळला की छपरावरची कबुतरं उडाली. तिने घंटेचा दोर ओढला, आणि पोरं टोप्या उडवत धावत सुटली. तीही धावली, पण उलट्या दिशेला.

गिरणीकोपऱ्यावर रूबेन नाक लाल करून उभा होता. त्याच्यासमोर किनाऱ्यापासून किनाऱ्यापर्यंत बर्फ जसाच्या तसा होता.

"घंटा ऐकली," तो म्हणाला. "मी म्हटलं, इथल्या बर्फाला तर कुणी काही कळवलेलं नाही."

सहा दिवस ती रोज येत राहिली. सहाव्या दिवशी वारा पडला होता. आधी एक बारीक आवाज आला, काचेच्या बांगड्यांचा ढीग कुणी हळूच सरकवावा तसा. बर्फ फुटला नाही. तो उभ्या सुयांमध्ये सुटा झाला. लाखो पारदर्शक सुया एकमेकींना टेकत, किणकिणत, उन्हाच्या एका तिरिपेत आडव्या होत गेल्या. दोघांनीही श्वास रोखला होता. कॉर्विनने हे ऐकलं असेल. त्या पहिल्या राखणदारांनी फक्त पाहिलं असेल, वरून, न ऐकता. थियाला वाटलं, कुणीतरी शंभर वर्षांपूर्वी सुरू केलेलं वाक्य आज तिच्यासमोर पुरं होतंय.

पाणी मोकळं झालं.

"सहा दिवस," रूबेन कुजबुजला. "म्हणजे तुझं अंतर मिळालं. झालं काम?"

"एका हिवाळ्याने काय होतं?" थिया पाण्याकडेच बघत म्हणाली. "एखादं वर्ष वेडंवाकडं असतं. निदान दहा हिवाळे तरी हवेत. पंधरा मिळाले तर... बरं."

"पंधरा."

"हो."

"आणि इथे दरवर्षी कोण उभं राहणार?"

"असाच कुणीतरी. ज्याला आहे की नाही, एवढं कळतं."

त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग तिचा हातमोज्यातला हात आपल्या कोटाच्या खिशात घेतला, तलावाकडे तोंड केलं, आणि त्या रिकाम्या, ओल्या काठावर मोठ्याने हाक दिली, "पाणी!"

उत्तर द्यायला तिथे दुसरं कुणीच नव्हतं.

"पाहिलं," थिया म्हणाली.